बंडोपंतांचं कुबड

"हाशिर, उंटाच्या कानाला लोंबकळायचं नाही," गोपीनाथकाकांनी तिसऱ्यांदा बजावलं. तोवर उंटाचा दुसरा कानही उभा राहिला होता, आणि हाशिरला तोही एकदा करून बघायचा होता.

सौदीतल्या अल-खोबरच्या त्या कम्पाउंडात, म्हणजे कुंपणाआतल्या वसाहतीत, क्लब हाउसच्या मोठ्या हॉलमध्ये, हेलियमच्या सिलिंडरला जोडलेला एक सोळा फुटी प्लास्टिकचा उंट सावकाश फुगत होता. आधी पाय फुगले, मग मान, मग पोट. कुबडाने मात्र सगळ्यांना ताटकळत ठेवलं, आणि आलं ते असं टुणकन की खाली वाकून बघणारा अमोघ मागच्या मागे बसला. मग उंटाने जमीन सोडली. दोऱ्या ताणल्या गेल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

स्वानंदीने त्याचं नाव बंडोपंत ठेवलं. वर्गात अर्धा तास उशिरा येऊन वर शिक्षकांकडेच घड्याळ दाखवणारा एखादा मुलगा असतो ना, तसा भाव त्या उंटाच्या चेहऱ्यावर होता.

सौदीच्या राष्ट्रीय दिनाला जोडून शाळेला चार दिवस सुट्टी होती. चौथ्या दिवशी ऊन उतरल्यावर कम्पाउंडातली सगळी मुलं मिरवणूक काढणार होती. भारतातली, फिलिपाइन्सची, इजिप्तची, सौदी, सगळी. मिरवणुकीच्या पुढे रस्त्याच्या वर तरंगत जाणार होते बंडोपंत.

हे खूळ मुलांच्या डोक्यात भरवलं होतं स्वानंदीच्या बाळकृष्ण आजोबांनी. आजोबा नाशिकहून तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आले होते. त्याआधी त्यांनी दोन हिवाळे न्यूयॉर्कला मुलीकडे काढले होते. तिथे बाहेर इतकी थंडी, की आजोबा सकाळी उघडल्या उघडल्या वाचनालयात शिरायचे आणि बंद होताना कोणीतरी त्यांना बाहेर काढायचं. त्या दोन हिवाळ्यांत त्यांनी न्यूयॉर्कच्या सुट्टीतल्या मिरवणुकींचा अख्खा इतिहास वाचून काढला होता. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं.

आजोबांच्या म्हणण्याचा भरवसा नसल्याने स्वानंदीने एक वही घातली होती. मधोमध रेघ. डावीकडे "खरं", उजवीकडे "थाप". आजोबा काही बोलले, की ती आधी उजवीकडे लिहायची, मग शोधायची, आणि खरं निघालं तर खोडून डावीकडे न्यायची.

न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला एका मोठ्या दुकानाने १९२४ साली मिरवणूक काढली आणि तिच्यात प्राणिसंग्रहालयातले खरेखुरे हत्ती, अस्वलं आणि उंट चालवले, असं आजोबांनी सांगितलं, तेव्हा तिने बिनधास्त "थाप" लिहिलं होतं. ते खरं निघालं. पुढे हत्तींच्या जागी हेलियमचे प्रचंड फुगे आले, आणि मिरवणूक संपली की ते सरळ आकाशात सोडून द्यायचे. ज्याला सापडेल त्याने परत आणून द्यावा आणि बक्षीस न्यावं. हेही खरं. त्यातला एक विमानाच्या पंखात अडकला होता, तेही खरं. महायुद्धात मिरवणूक बंद पडली आणि फुग्यांचं रबर सैन्याला देऊन टाकलं, ते तर पहिल्याच फटक्यात सापडलं.

पण आजोबांचं असं की चार खऱ्यांच्या मागे ते एक अशी सोडायचे की बस. एकदा म्हणे मिरवणुकीत त्यांनी हौसेने एका फुग्याची दोरी धरली. वाऱ्याचा झोत आला आणि आजोबा दोरीसकट तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या खिडकीत एक बाई उभी होती. तिने त्यांना कॉफी दिली.

"आणि साखर किती, तेही विचारलं," आजोबा गंभीरपणे म्हणाले होते.

उजवीकडच्या रकान्यात ही नोंद लाल शाईने होती.

उंट फुगला तसं त्याच्या पाठीवर बायकांनी शिवलेली हिरवी-पांढरी झूल चढवायचं काम सुरू झालं. गोपीनाथकाका म्हणजे अमोघचे बाबा. मिरवणुकीचे प्रमुख तेच होते. एरवी ते जुबैलकडच्या एका कारखान्यात पाइपलाइनींमधली गळती शोधायचे. मैलोन्‌मैल लांब पाइपात कुठे सुईएवढं भोक आहे ते त्यांना कळायचं, आणि ही गोष्ट ते दर दोन दिवसांनी कोणाला ना कोणाला सांगायचे.

झूल बांधता बांधताच त्यांच्या आईचा, म्हणजे अमोघच्या आजींचा, नाशिकहून व्हिडिओ कॉल आला. आजींनी उंट डोळे भरून पाहिला, आणि एवढ्या लोकांच्या नजरा पडणार, तेव्हा त्याला काहीतरी काळं बांध, असं लेकाला सुचवलं. काकांनी फोन सगळ्यांकडे फिरवला.

"ऐकलंत? अगं आई, यात हेलियम आहे. हे काय पाळण्यातलं बाळ आहे? आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

सगळे हसले. आजीही हसल्या, पण जरा उशिराने.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुसेनचाचांनी हॉलचं कुलूप काढलं. बंडोपंत जमिनीला गुडघे टेकून बसले होते. कुबड एका बाजूला कलंडलं होतं, शिळ्या पुरीसारखं.

हुसेनचाचा, म्हणजे हुसेनमियाँ, कम्पाउंडाचे हारिस. फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळी राखण आणि दुरुस्ती त्यांच्याकडे. मूळचे खेडकडचे, बावीस वर्षं या एकाच कम्पाउंडात. मुलांच्या सायकलींची पंक्चरं तेच काढायचे आणि काढताना खजूर खायला द्यायचे, म्हणून काही मुलांची सायकल आठवड्यातून दोनदा पंक्चर व्हायची. हाशिरची जास्तच. हाशिरचे अब्बा चिपळूणचे डॉक्टर. त्यामुळे चाचा त्याला गाववाला म्हणायचे आणि एक खजूर जादा द्यायचे.

गोपीनाथकाका आले. त्यांनी उंटाच्या पोटाखालच्या झडपेला हात लावून पाहिला, मान हलवली, आणि कोणीतरी झडपेशी खेळलंय असा निकाल दिला. दुसरा सिलिंडर होता तो जोडला आणि बंडोपंतांना पुन्हा उभं केलं. तिसरा सिलिंडर नव्हता. गॅसवाल्याचं दुकान सुट्टी संपेपर्यंत बंद.

संध्याकाळी हॉल बंद व्हायच्या आधी स्वानंदीने झडपेच्या टोपणावर कागदाची पट्टी आडवी चिकटवली. तिच्यावर तिने, अमोघने आणि हाशिरने सह्या केल्या, अशा की निम्मी सही कागदावर आणि निम्मी उंटाच्या पोटावर. हाशिरने आपली उर्दूत केली. कोणाला खोटी करता येऊ नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी बंडोपंत पुन्हा बसले होते.

या वेळी गोपीनाथकाकांबरोबर आणखी सहा-सात मोठी माणसं होती. काका फार मोठ्याने बोलले नाहीत, पण बोलले ते सगळ्यांसमोर. हॉलची किल्ली फक्त हारिसकडे असते. हॉल बंद असताना आत दुसरं कोणी जाऊ शकत नाही. तेव्हा गॅस कोणी सोडला, किंवा सोडू दिला, हे उघड आहे. आपण मुदीरसाहेबांना तसं कळवलंय.

मुदीरसाहेब म्हणजे कम्पाउंडाचे व्यवस्थापक. ते रियाधला, ओलाया भागातल्या मुख्य कचेरीत गेले होते आणि उद्या दुपारी परतणार होते. माणूस सरळ होता, पण नियमाला पक्का. हुसेनचाचांचा इकामा, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, पुढच्या महिन्यात नवा व्हायचा होता. नावावर तक्रार असलेल्या माणसाचा इकामा मुदीरसाहेब नवा करत नाहीत, हे कम्पाउंडातली पोरंही जाणून होती. म्हणजे बावीस वर्षं खलास.

"साहेब, सांजला कुलूप लावलं, सकाळी काढलं. मधे मी आत गेलोच नाय," हुसेनचाचा म्हणाले.

चाचांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडवला, टेबलावर ठेवला आणि आवाज न करता दार लोटून निघून गेले. जुडगा तसाच पडून राहिला. बावीस वर्षांत तो त्यांच्या कमरेवरून उतरलेला कोणी पाहिला नव्हता.

स्वानंदी उंटाच्या पोटाखाली शिरली. झडपेवरची पट्टी जशीच्या तशी होती, सह्या जागेवर. तिने काकांना हाक मारून ती दाखवली. काकांनी वाकून पाहिलंसुद्धा, पण कागद काढून पुन्हा चिकटवता येतो, असं म्हणून ते फोनवर बोलत निघून गेले.

"उर्दूतली सही पुन्हा जुळवून चिकटवली?" हाशिर पुटपुटला. "मला स्वतःला तशी दुसरी करता येत नाही."

हॉलमध्ये तिघंच उरली. स्वानंदीने सरळ हिशोब मांडला. झडप कोणी उघडली नाही. गॅस तर गेला. म्हणजे भोक आहे. आणि भोक शोधायचं तर आवाज ऐकला पाहिजे. अमोघने एसी बंद केला. हॉल एकदम शांत झाला. तिघं बंडोपंतांच्या अंगाला कान लावून फिरू लागली; अमोघ मानेकडे, स्वानंदी पायांकडे. हाशिर अंगाने पापडासारखा, तो झुलीखाली सरपटत गेला.

बराच वेळ काहीच नाही. मग झुलीखालून आवाज आला, "स्स्, स्स्."

"हाशिर, चेष्टा नको," स्वानंदी म्हणाली.

"मी नाही. बंडोपंत करतायत."

कुबडाच्या मागे, झुलीच्या दुमडलेल्या कडेखाली एक सेफ्टी पिन होती. झुलीतून गेलेली आणि थेट बंडोपंतांच्या कातडीतही घुसलेली. पिनेत अडकवलेली होती छोटीशी मनगटी. काळे मणी, मध्ये दोन चांदीचे, आणि त्यातला एक चेपलेला.

हाशिर म्हणाला, ही तर बाळांच्या हातात घालतात ती. स्वानंदीला नाशिकच्या आजींचा कॉल आठवला आणि ती हसणार इतक्यात तिचं अमोघकडे लक्ष गेलं. अमोघ हसत नव्हता.

"चांदीचा मणी मी चावला होता," तो म्हणाला. "सहा महिन्यांचा असताना. आई सारखी सांगते. ही माझी आहे."

आता काय झालं ते कळायला वही लागत नव्हती. आईला चारचौघांत हसलेले गोपीनाथकाका त्याच संध्याकाळी, कुलूप लागायच्या आधी, एकटे येऊन, कोणाला दिसणार नाही अशा जागी, काळं बांधून गेले होते. आणि पाइपातली सुईएवढी भोकं शोधणाऱ्या माणसाने स्वतःच्याच उंटाला भोक पाडलं होतं.

आत्ताच्या आत्ता बाहेर जाऊन सगळ्यांना सांगावं, असं हाशिरचं मत होतं. अमोघ म्हणाला, बाबांना मी सांगतो. चाचांचं नाव गेलंय, ते परत आलंच पाहिजे. पण आधी मला जाऊ द्या.

तो घरी गेला. बाबा फोनवर होते. फोन संपला तेव्हा ते मिरवणुकीच्या यादीत गुंतले होते. अमोघने "बाबा, तो उंट" इथपर्यंत तीनदा मजल मारली आणि तिन्ही वेळा बाबांनी त्याला हुसेनमियाँवर विश्वास टाकून आपलं कसं चुकलं ते समजावलं. तो परत आला तेव्हा त्याचे कान लाल होते.

"ते ऐकतच नाहीत. त्यांना फक्त शिकवायला आवडतं," तो म्हणाला.

स्वानंदीने मान वर केली. "मग शिकवू दे की."

दुपारी तिघं शहाण्या मुलांसारखी गोपीनाथकाकांसमोर उभी राहिली. शाळेत विज्ञानाचा प्रकल्प आहे. गळती कशी शोधतात, हे काका आम्हाला करून दाखवतील का? बाकीच्यांनाही बघायचंय. उंट आहेच समोर.

काकांचा चेहरा उजळला. गाडीच्या डिकीतून त्यांनी साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली आणली. कारखान्यातली, अगदी खरी. तोवर हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं जमली होती. बाळकृष्ण आजोबांनी पुढची खुर्ची धरली. अमोघची आई अर्चनाकाकू हॉस्पिटलची ड्यूटी संपवून परस्पर तिथेच आल्या होत्या.

काका समजावून सांगत होते. गॅस डोळ्यांना दिसत नाही. पण पृष्ठभागावर साबणाचं पाणी मारलं, की जिथे भोक तिथे बुडबुडे. लपवणाऱ्याने कितीही लपवलं तरी साबण चुगली करतो. फवारा मारत ते मानेपासून सुरू झाले. मान कोरडीठाक. पोट, पाय, शेपटी, काही नाही. झडपेवर त्यांनी चार वेळा मारला. एक बुडबुडा नाही. स्वानंदीची पट्टी तेवढी भिजली.

"काका, झुलीखाली राहिलं," हाशिर नम्रपणे म्हणाला.

काकांनी झूल उचलली आणि फवारा मारला. कुबडाच्या मागे पांढराशुभ्र फेस फुलला, दुधावर येतो तसा. काकांनी हात पुढे नेला. हात तिथेच थांबला.

त्यांना लगेच कळलं, हे जवळ उभ्या असलेल्या तिघांना दिसलं. बाकी कोणाला दिसलं नाही, कारण काकांची पाठ लोकांकडे होती. त्यांच्या बोटांनी पिन उघडली, मूठ मिटली, आणि मूठ खिशात गेली.

"शिवण उसवलीय," ते वळून म्हणाले. "स्वस्तातला माल."

"म्हणजे हुसेनमियाँचा दोष नव्हता तर," आजोबा खुर्चीतून म्हणाले.

तसं एकदम म्हणता येणार नाही, हॉल ज्याच्या ताब्यात त्याने लक्ष ठेवायला हवं होतं, असं काहीतरी काका बोलू लागले. बोलणं मध्येच अडलं, कारण अमोघ त्यांच्यासमोर येऊन उभा होता. त्याने हात पुढे केला होता, तळवा वर.

"बाबा, माझी मनगटी द्या."

भोकातून गॅस जाऊन बंडोपंत आणखी थोडे खाली बसले. त्यांच्या ओठांवरून साबणाचं पाणी ठिबकत होतं.

गोपीनाथकाकांनी मुलाच्या तळहाताकडे पाहिलं. मग खिशात हात घातला आणि मनगटी त्याच्या हातावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.

"आईला हसलो, ते मनाला लागलं," ते म्हणाले. "म्हटलं, तिचं मन राखावं. कोणाला कळायचंही नाही. मला वाटलं, पिन नुसती झुलीतून गेलीय."

"या मनगटीचा डबा मी दोन दिवस शोधतेय," अर्चनाकाकू म्हणाल्या. "कामवाल्या बाईला विचारणार होते आज."

फवारणीची बाटली टेबलावर ठेवून काकांनी किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि ते भरदुपारच्या उन्हात बाहेर पडले. तिघं जरा अंतर ठेवून मागे निघाली. हाशिरच्या मते हे अंतर ऐकू येण्याइतपत होतं.

फाटकालगतच्या खोलीत हुसेनचाचा एका उघड्या बॅगेसमोर बसले होते. बॅगेत एक शर्ट होता. काका दारात उभे राहिले आणि काय झालं ते आडपडदा न ठेवता सांगितलं. पिन कोणी लावली, का लावली, आणि मघाशी सापडल्यावर खिशात कशी घातली, तेही सांगितलं. ते शेवटचं सांगायची खरं तर गरज नव्हती.

"चूक माझी. नाव तुमचं घेतलं. माफ करा हुसेनभाई."

चाचांनी बॅग पायाने बाजूला सारली.

"साहेब, बोललात ते सगळ्यांपुढे बोललात," ते म्हणाले. "आता हे दारात सांगून कसं चालल?"

"बरोबर आहे."

काकांनी तिथेच उभं राहून फोन काढला. कम्पाउंडाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि मुदीरसाहेबांना, दोन्हीकडे लिहिलं. लिहिलेलं चाचांना वाचून दाखवलं. चाचांनी एक ओळ पुन्हा वाचायला लावली. मग जुडगा घेतला, कमरेला अडकवला, आणि बॅगेतला शर्ट काढून खुंटीला टांगला.

चाचांचं नाव परत आलं. बंडोपंतांचं कुबड मात्र आलं नव्हतं. चाचांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि सोल्यूशन लावून भोक बुजवलं. मुलं उड्या मारतात त्या रबरी किल्ल्याचा पंखा आणून अमोघने उंटात साधी हवा भरली. बंडोपंत ताठ झाले, पण जमिनीवरच. साध्या हवेने उंट उडत नाही. उद्या मिरवणूक, आणि हेलियम नाही. ढकलगाडीवर ठेवून न्यावा, असं कोणीतरी सुचवलं. स्वानंदीला ते कल्पनेतसुद्धा बघवेना.

बाळकृष्ण आजोबा काहीच बोलत नव्हते. हे इतकं विचित्र होतं की स्वानंदीने त्यांच्याकडे पाहिलं. आजोबा तिच्या काखेतल्या वहीकडे बघत होते. मग छताकडे. मग पुन्हा वहीकडे.

तिने वही उघडली. उजवीकडचा रकाना. लाल शाईतल्या कॉफीच्या वर, पेन्सिलने, एक जुनी नोंद होती: "१९५८. हेलियमचा तुटवडा. फुग्यांत साधी हवा भरली आणि क्रेनला टांगून मिरवणुकीत नेले." तिने ही कधी शोधलीच नव्हती. इतकी उघड थाप वाटली होती, की शोधायचे कष्टही घेतले नव्हते.

तिने टॅब उघडला. दोन मिनिटांनी ती उठली आणि टॅब सगळ्यांसमोर धरला. इमारती बांधायच्या क्रेनला टांगून न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून फुगे नेल्याची बातमी होती, तारखेसकट.

"दोन महिने," आजोबा म्हणाले. "दोन महिने मी थापेत पडून आहे."

कम्पाउंडात क्रेन नव्हती. पण रस्त्यावरच्या दिव्यांचे बल्ब बदलायची एक गाडी होती, लांब हात वर नेणारी, हाताच्या टोकाला माणूस उभा राहील एवढी टोपली. ती चालवायचा परवाना कम्पाउंडात एकाच माणसाकडे होता. सगळ्यांनी हुसेनचाचांकडे पाहिलं.

चाचांनी उंटाकडे पाहिलं, पाठीवरच्या दोऱ्यांच्या कड्या मोजल्या, गाडीचा हात किती वर जातो याचा मनात अंदाज घेतला.

"मुदीरसाहेब हो म्हणाले तर नेतो," ते म्हणाले. "पण झूल दोऱ्याने शिवायची. पिना नाय."

चौथ्या दिवशी दुपारी मुदीरसाहेब आले. त्यांनी दोन्ही निरोप वाचलेले होते, आधीचाही आणि नंतरचाही. त्यांनी भिजून वाळलेली कागदाची पट्टी मागून घेतली, तिन्ही सह्या नीट पाहिल्या आणि उर्दूतल्या सहीवर बोट ठेवून ही कोणाची म्हणून विचारलं. हाशिर पुढे झाला. मुदीरसाहेबांनी त्याला सलाम केला, मोठ्या माणसाला करतात तसा. मग हुसेनचाचांना बाजूला घेऊन ते अरबीत थोडं बोलले. शेवटचा शब्द सगळ्यांना कळला, कारण तो इकामा होता आणि तो ऐकताना चाचा हसत होते.

गाडीसाठी त्यांनी एकच अट घातली. तिच्या हाताखाली एकही मूल चालणार नाही. मग टाळी वाजवून सगळ्यांना निघायला सांगितलं, "खलास. यल्ला!"

समुद्रावरून वारा सुटला आणि ऊन पिवळं झालं तेव्हा मिरवणूक निघाली. पुढे हिरवी निशाणं, मध्ये ढोल, कडेला गहव्याचे, म्हणजे अरबी कॉफीचे, छोटे कप आणि खजुरांची तबकं. आणि सगळ्यांच्या वर, दिव्याच्या खांबांच्याही वर, बंडोपंत. गाडी खड्ड्यातून गेली की ते मान हलवायचे, जणू कम्पाउंडाची व्यवस्था त्यांना मान्य आहे. हुसेनचाचा गाडी इतकी हळू चालवत होते, की एका फिलिपिनो आजीबाईंनी ती दोनदा मागे टाकली.

गोपीनाथकाका गाडीच्या पुढे चालत रस्ता मोकळा करत होते. दर दहा पावलांनी ते वर बघत. त्यांच्या फोनवर नाशिकच्या आजी होत्या. अमोघने फोन घेतला आणि मनगटी कॅमेऱ्यासमोर धरून त्यांना सगळं सांगून टाकलं. आजी इतक्या हसल्या की फोन हलायला लागला. मग त्यांनी नातवाला विचारलं, की बाबांसमोर हात पुढे करताना भीती वाटली का. वाटली, असं अमोघ म्हणाला. तर मग शाबास, असं आजी म्हणाल्या.

मिरवणूक क्लब हाउसपाशी थांबली. मुदीरसाहेबांनी तिघांना पायरीवर उभं केलं आणि जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, की कम्पाउंडात चाळीस इंजिनिअर आहेत, पण कुलूप लावायच्या आधी झडपेवर कागद चिकटवायचं या तिघांना सुचलं. चाळीस इंजिनिअरांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात गोपीनाथकाकांनी.

गर्दी पांगली. चाचांनी बंडोपंतांना अलगद खाली उतरवलं. स्वानंदी पायरीवर वही घेऊन बसली. १९५८ ची नोंद तिने उजवीकडून खोडली आणि डावीकडे सुवाच्य अक्षरात लिहिली. आजोबा शेजारी बसून बघत होते. मग त्यांनी सहज म्हणून विचारलं, की आता कॉफीचंही डावीकडे घ्यायला हरकत नसावी.

"त्या बाईचं नाव सांगा. शोधते," स्वानंदी म्हणाली.

आजोबांना एकदम गहवा प्यावासा वाटला आणि ते उठून गेले.

उजवीकडचा रकाना आता जवळजवळ रिकामा होता. स्वानंदीने थोडा विचार केला आणि त्यात एक नवी नोंद घातली. लिहून होतंय तोच वहीवर सावली पडली. गोपीनाथकाका मागे उभे होते. तिने पान झाकायचा प्रयत्न केला, पण त्यांनी वाचलं होतं.

"थाप: आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

काकांनी हात पुढे करून पेन मागितलं. पायरीवर तिच्या शेजारी बसले, वही मांडीवर घेतली, आणि नोंदीच्या खाली सही केली. निम्मी या रकान्यात, निम्मी रेघेच्या पलीकडे.